किचनमधला डिजिटल रेडिओ: आपल्या भंडाऱ्यात काय चालतं, काय नाही, आणि तो ठेवायचा कुठे

या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना आकडे टिपून घ्यायला वेळ मिळत नाही अशी तक्रार नेहमी येते, म्हणून इथे सगळे आकडे नीट लिहिले आहेत. बोलण्यातली थोडी पाल्हाळ कापली आहे, बाकी मजकूर तोच.

आजचा विषय साकोलीच्या एका काकूंच्या व्हॉइस मेसेजमधून आला. त्यांच्या पुतण्याने लंडनहून एक सुंदर किचन रेडिओ आणून दिला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘डिजिटल’. काकूंनी तो लावला, स्कॅनचं बटण दाबलं, पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत गेली आणि स्क्रीनवर आलं: शून्य स्टेशन. काकू विचारतात, ‘बाबू, हा बिघडूनच आला का? आणि ओट्यावर नळाच्या बाजूला बोर्ड आहे, तिथे ठेवला तर चालते ना?’

काकू, पहिल्या प्रश्नाचं उत्तर: रेडिओ ठणठणीत आहे. दुसऱ्याचं: नळाजवळ अजिबात नको. आता दोन्हीची कारणं बघू.

‘डिजिटल’ या एका शब्दात चार गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे नुसता डिजिटल डिस्प्ले. काट्याऐवजी आकडे दिसतात, पण आत साधा एफएमच असतो. आपल्या बाजारात ‘डिजिटल रेडिओ’ म्हणून जे मिळतं, त्यातलं पुष्कळसं हेच.

दुसरी, डॅब आणि डॅब प्लस. ही युरोपातली पद्धत. बीबीसीने ती १९९५ मध्ये सुरू केली. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद करून सगळं डॅबवर नेलं. काकूंचा सेट या जातीचा. भारतात डॅबवर नियमित प्रसारण नाही, त्यामुळे स्कॅन केल्यावर शून्य येणारच. साकोलीत, नागपुरात किंवा मुंबईत, कुठेही तेच.

तिसरी, डीआरएम, म्हणजे डिजिटल रेडिओ मोंडियाल. आकाशवाणीने मिडियम वेव्हसाठी ही पद्धत घेतली आणि देशभरात पस्तीसच्या आसपास ट्रान्समीटर त्यासाठी तयार केले. पण ते ऐकायला डीआरएमचाच सेट लागतो. काही नव्या गाड्यांमध्ये तो असतो, दुकानात सहसा दिसत नाही. डॅबचा सेट डीआरएम पकडत नाही.

चौथी, इंटरनेट रेडिओ. वायफायवरून स्टेशन येतं. याला अँटेना नको, पण वीज, राऊटर आणि नेट तिन्ही चालू पाहिजेत.

मग डॅबचा सेट फेकायचा का? नाही. त्यात बहुतेक वेळा एफएम आणि ब्लूटूथ असतं, ते इथे व्यवस्थित चालतं. नवीन घेणाऱ्यांनी मात्र ‘डॅब’ या अक्षरांसाठी जास्त पैसे मोजू नयेत. ट्रायने ऑक्टोबर २०२५ मध्ये खासगी एफएमवाल्यांच्या डिजिटल प्रसारणाबद्दल शिफारशी दिल्या. सुरुवात १३ मोठ्या शहरांपासून, त्यात नागपूर आहे, आणि देशभर एकच तंत्रज्ञान निवडावं असं त्यात म्हटलं आहे. ते ठरेपर्यंत घाई कशाला?

नागपूरचं एफएम भंडाऱ्यात का खरखरतं?

एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. त्यामुळे टॉवर कितीही ताकदीचा असला तरी एका अंतरानंतर तो क्षितिजाखाली जातो. अंदाजासाठी एक सोपं सूत्र आहे: टॉवरच्या उंचीचं वर्गमूळ अधिक आपल्या अँटेनाच्या उंचीचं वर्गमूळ, आणि त्या बेरजेला ४.१२ ने गुणायचं. उंची मीटरमध्ये, उत्तर किलोमीटरमध्ये.

समजा टॉवर १०० मीटरचा आहे आणि आपला रेडिओ जमिनीपासून ४ मीटरवर. १० अधिक २ म्हणजे १२, गुणिले ४.१२, म्हणजे साधारण ४९ किलोमीटर. नागपूर ते भंडारा सरळ रेषेत ५८-६० किलोमीटर. तुमसर सत्तरच्या आसपास, साकोली आणि लाखांदूर नव्वदच्या पुढे. म्हणजे भंडारा शहर काठावर आणि साकोली पार बाहेर. लहरी क्षितिजापलीकडे थोड्या वाकतात, म्हणून काठावरच्या गावांत कधी छान ऐकू येतं, कधी नाही.

म्हणून काठावर असाल तर तीन गोष्टी करून बघा. एक, टेलिस्कोपिक अँटेना पूर्ण उघडा आणि सेट नागपूरच्या दिशेच्या, म्हणजे पश्चिमेच्या खिडकीजवळ न्या. दोन, मेन्यूमध्ये स्टिरिओऐवजी मोनो निवडा. कमकुवत सिग्नलवर स्टिरिओ जास्त खरखरतो, आणि फोडणी देताना डावा-उजवा आवाज कोण ऐकतं? तीन, स्कॅनवर अवलंबून राहू नका. स्कॅन कमकुवत स्टेशन गाळून टाकतो. विविध भारतीसाठी १००.६ हा आकडा हाताने लावा आणि प्रीसेटमध्ये साठवा.

मिडियम वेव्हचं गणित वेगळं. त्या लहरी जमिनीला धरून लांब जातात. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं. त्याची मिडियम वेव्हवरची जागा ५८५ किलोहर्ट्झ, आणि आपल्याकडच्या जुन्या माणसांना नागपूर केंद्र माहीत आहे ते त्यावरूनच. प्रसार भारतीने गेल्या काही वर्षांत देशातले बरेच जुने मिडियम वेव्ह ट्रान्समीटर बंद केले आहेत, म्हणून मिडियम वेव्हचा सेट घेताना दुकानाच्या दारात उभं राहून ५८५ लावून ऐका, मगच पैसे द्या.

सेटिंग: पाच मिनिटांचं काम

बाहेरून आलेल्या सेटवर आधी देश किंवा रीजन तपासा. आपल्याकडे मिडियम वेव्हची स्टेशनं ९-९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत, अमेरिकेत १०-१० च्या. ५८५ म्हणजे ९ गुणिले ६५. सेट अमेरिकेच्या सेटिंगवर असेल तर तो ५८० वरून थेट ५९० वर उडी मारेल आणि नागपूर मधेच राहील. सेट खराब नसतो, त्याची पायरी चुकीची असते.

दुसरं, घड्याळ. डॅब सेट वेळ प्रसारणातून घेतात. इथे ते प्रसारण नाही, म्हणून वेळ हाताने लावावी लागते. इंटरनेट सेटवर टाइम झोन साडेपाच तास पुढे आहे ना, ते बघा. अलार्मवर दूध तापवणार असाल तर हे महत्त्वाचं.

तिसरं, खरखर. मिडियम वेव्हवर सतत गुणगुण येत असेल तर स्टेशनला शिव्या देऊ नका. स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, इंडक्शन शेगडी हे सगळे त्या पट्ट्यात गोंगाट करतात. एकेक बंद करून बघा, चोर सापडतो. आणि सेट जागच्या जागी थोडा फिरवा. मिडियम वेव्हचा अँटेना आत आडवी कांडी असतो, त्याला दिशा असते.

इंटरनेट रेडिओ: सोय मोठी, भरवसा बेताचा

साकोली-लाखांदूरला आकाशवाणी नागपूर स्वच्छ ऐकायचा सोपा उपाय म्हणजे न्यूजऑनएअर ॲप आणि ब्लूटूथ. फोनवर लावा, आवाज रेडिओतून. डेटा किती जातो? ६४ केबीपीएसच्या प्रवाहाला तासाला साधारण २९ एमबी, १२८ ला ५८. रोज तीन तास ऐकलं तरी कमी दर्जावर नव्वद एमबीच्या आत.

वायफायचा स्वतंत्र सेट घेणार असाल तर दोन जुन्या गोष्टी लक्षात ठेवा. असे सेट स्टेशनांची यादी कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवरून आणतात. २०२१ मध्ये रेसिव्हा नावाची अशी एक सेवा बंद झाली आणि जगभरातल्या कितीतरी घरांतले चांगले सेट स्टेशनच शोधेनात. हार्डवेअर शाबूत, पण यादी देणारा गेला. म्हणून ज्यात एफएमही आहे असाच सेट घ्या.

दुसरी गोष्ट, २०१९ मध्ये जर्मनीच्या टेलेस्टार कंपनीच्या इंटरनेट रेडिओंमध्ये संशोधकांना एक उघडं दार सापडलं. टेलनेट सेवा चालू आणि पासवर्ड कमजोर. बाहेरचा माणूस तुमच्या सेटवर ताबा मिळवू शकेल, अशी अवस्था. कंपनीने नंतर ते दुरुस्त केलं. मी सॉफ्टवेअरमध्येच काम करतो, म्हणून सांगतो, रेडिओ दिसतो साधा पण आत छोटा कॉम्प्युटर असतो. राऊटरमध्ये गेस्ट नेटवर्क असेल तर रेडिओ त्यावर जोडा, अपडेट आला की घ्या. वायफाय दिसत नसेल तर बहुतेक वेळा सेटला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं आणि तुम्ही ५ वाल्या नावावर जोडायला बघत असता.

आता मुद्द्याचं: ठेवायचा कुठे?

किचनमध्ये पाणी, वाफ, तेल आणि आग एकाच ओट्यावर असतात. त्यात २३० व्होल्ट आणून सोडायचे तर नियम एकच: नळाला हात लावलेला असताना रेडिओपर्यंत दुसरा हात पोचता कामा नये. नळ जमिनीशी जोडलेला, रेडिओच्या वायरला कुठे चीर गेलेली, मधे ओला माणूस. विजेला एवढंच पुरतं.

म्हणून जागा अशी: सिंक आणि शेगडी दोन्हींपासून किमान दोन हात लांब, खांद्याच्या उंचीवर, पक्क्या फळीवर. शेगडीच्या वरची फळी नको, तिथे वाफ आणि तेलाचा थर बसतो. फ्रिजच्या डोक्यावर नको, उष्णता असते आणि कंप्रेसर चालू झाला की खरखर येते. वायर ओट्यावरून लोंबता कामा नये, लहान मूल ओढतं.

खोक्यावर आयपीएक्स-७ लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याचा अर्थ, साध्या पाण्यात एक मीटरपर्यंत अर्धा तास. कुकरची वाफ, गरम तेल, साबणाचं पाणी त्यात धरलेलं नाही. आणि चार्जिंगचं झाकण उघडं असेल तर तो आकडा लागूच होत नाही.

अ‍ॅडॉप्टर बघा. त्यावर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर चालेल. नुसतं ११० किंवा १२० असेल तर प्लग लावूच नका. इंग्लंडची चौकोनी पिन सैल मल्टिप्लगमध्ये कोंबू नका, सैल जोड तापतो. सरळ त्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा आणि पिनची ध्रुवता जुळणारा इथला अ‍ॅडॉप्टर घ्या. त्यावर बीआयएसचा शिक्का आणि ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी नंबर असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून खरा आहे का तपासता येतो.

घराच्या मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, इलेक्ट्रिशियनला विचारा. वीज अंगातून जमिनीत जायला लागली की तो क्षणात बंद होतो. महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबा. नसेल तर नवा रेडिओ थांबवा, आधी तो बसवा. खरंच सांगतो.

बॅटरीवाला सेट असेल तर चार्जिंग किचनबाहेर, टणक जागेवर, कोणी जागं असताना. लिथियम सेल फुगलेला दिसला, झाकण उचललं गेलं, की वापर बंद.

आवाज आणि गॅस

आवाज एवढाच ठेवा की कुकरच्या शिट्ट्या मोजता येतील आणि उतू जाणाऱ्या दुधाचा फस्सकन आवाज कानावर येईल. गॅसचा वास आला तर रेडिओ बंद करायला धावू नका. कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही, चालू ते चालू, बंद ते बंद. आधी रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, बाहेर या, मग १९०६ या एलपीजी आपत्कालीन नंबरवर फोन.

वीज कडाडते तेव्हा

रोवणीच्या दिवसांत आपल्याकडे विजा किती पडतात, हे वेगळं सांगायला नको. आभाळ भरून आलं, गडगडाट दूर असतानाच अ‍ॅडॉप्टर बोर्डातून काढा आणि छतावर बाहेरचा अँटेना लावला असेल तर त्याची वायर सेटपासून सोडवा. डोक्यावर कडाडायला लागल्यावर वायरींना हात लावू नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप जवळच्या विजांचा इशारा देतं, ते फोनमध्ये असू द्या. अँटेनाची तार कधीही विजेच्या तारांजवळून नेऊ नका.

आणि शेवटची गोष्ट, माझ्या मते सगळ्यात मोठी. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगा भंडारा शहरात शिरली होती, ते तुम्ही विसरला नसाल. अशा पुरात आधी लाइट जाते. मग राऊटर जातो. मग फोन उतरतो आणि टॉवरचा बॅकअपही संपू शकतो. त्या वेळी महागडा वायफाय रेडिओ म्हणजे नुसता डबा. दोन साध्या सेलवर चालणारा एफएम-मिडियम वेव्ह सेट मात्र बोलत राहतो. त्याला लॉगिन लागत नाही, सर्व्हर लागत नाही.

म्हणून काकूंना आणि सगळ्यांनाच माझा सल्ला असा. रोजच्या गाण्यांसाठी हवा तो सेट लावा, लंडनचा लावा. पण त्याच फळीवर सेलवाला एक साधा सेट ठेवा. आपल्या गावात नीट ऐकू येणारं एक स्टेशन शोधून त्याचा आकडा पट्टी चिकटवून सेटवर लिहून ठेवा. सेल वेगळ्या पिशवीत, कोरडे, एकाच वेळी घेतलेले. सेटमध्ये घालून सहा महिने विसरले तर ते पाझरतात आणि नेमक्या वेळी दगा देतात.

तुमच्या गावात कोणतं स्टेशन कुठल्या आकड्यावर स्वच्छ येतं, ते व्हॉइस मेसेजने कळवा. पवनी, मोहाडी, लाखनीकडची माहिती विशेष हवी आहे. पुढच्या भागात सगळ्या तालुक्यांची यादी वाचून दाखवतो. तोवर, हात पुसून मगच बटण दाबा. भेटू.