निरोप न घेता गेलेला जीन हॅकमन

मॅगझिनच्या मराठी विभागात हॉलिवूडचा नट कशाला, असं माझ्या रूममेटने विचारलंच. उत्तर सोपं आहे. आवडत्या माणसाबद्दल आपल्या भाषेतच बोलावंसं वाटतं. शिवाय, इंजिनिअरिंगच्या पोरापोरींनी या माणसाचा निदान एक पिक्चर तरी बघायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

जीन हॅकमन हिरोसारखा अजिबात दिसायचा नाही. विरळ केस, जाडसर नाक. वर्कशॉपमध्ये जॉब तपासणाऱ्या सरांचा शोभेल असा चेहरा. जन्म १९३० चा, वडील वर्तमानपत्राच्या छापखान्यात कामाला. तो तेरा वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले. हा रस्त्यावर खेळत होता. वडिलांनी गाडीतूनच हात हलवला आणि निघून गेले. एका छोट्याशा हालचालीत किती काही असू शकतं हे त्या दिवशी कळलं, कदाचित म्हणूनच आपण नट झालो, असं तो पुढे सांगायचा.

सोळाव्या वर्षी वय खोटं सांगून तो मरीन्समध्ये भरती झाला. नंतर पॅसाडीनाच्या नाट्यशाळेत गेला, तर तिथे बरोबरच्यांनी तो आणि डस्टिन हॉफमन यांना 'यशाची सगळ्यात कमी शक्यता' असलेले म्हणून निवडलं! (ज्यांचं अजून प्लेसमेंट झालेलं नाही त्यांनी ही ओळ अधोरेखित करावी.) न्यूयॉर्कमध्ये त्याने दरवानाचीही नोकरी केली. १९६७ च्या 'बॉनी अँड क्लाइड'ने लोकांना त्याचं नाव कळलं, तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता.

'द फ्रेंच कनेक्शन' (१९७१) साठी त्याला ऑस्कर मिळालं. त्यातल्या गाडीच्या पाठलागाचं सगळेच कौतुक करतात. मला मात्र दुसराच सीन आवडतो. तस्कर हॉटेलात आरामात जेवतायत आणि हा पोलीस बाहेर थंडीत पाय आपटत उभा, हातात पिझ्झाचा तुकडा आणि बेचव कॉफी. एक शब्दही न बोलता त्या माणसाची सगळी जिद्द आणि चडफड कळते.

पण माझा खरा आवडता पिक्चर म्हणजे कोपोलाचा 'द कॉन्व्हर्सेशन' (१९७४). (ज्यांना बघायचाय त्यांनी हा आणि पुढचा परिच्छेद सोडावा.) मी ई अँड टीसीची, त्यामुळे पक्षपात समजा. हॅरी कॉल हा चोरून आवाज टेप करणारा तज्ज्ञ. सॅन फ्रान्सिस्कोच्या गजबजलेल्या चौकात एक जोडपं फिरत बोलतंय. हॅरीकडे तीन ठिकाणांहून केलेली तीन रेकॉर्डिंग आहेत. तो त्या टेप जुळवतो, फिल्टर लावून वाद्यांचा गोंगाट कमी करतो आणि हळूहळू एक वाक्य स्पष्ट होतं. कामाच्या वेळची हॅकमनची बोटं बघा. लॅबमध्ये सिग्नल अचानक मिळाला की आपण श्वास रोखतो ना, तसंच.

हॅरीचं म्हणणं, लोक काय बोलतात याच्याशी मला घेणं नाही, रेकॉर्डिंग चांगलं यायला हवं. पण त्याच्या आधीच्या एका कामामुळे तिघांचा खून झालेला आहे. या वेळीही ते जोडपं धोक्यात आहे असं त्याला वाटतं. शेवटी तेच वाक्य पुन्हा ऐकू येतं, जोर मात्र वेगळ्या शब्दावर! मारणारे कोण आणि मरणारा कोण, सगळंच उलटं. नॉइज काढला, सिग्नल मिळाला, अर्थ मात्र हुकला. आपल्या सिलॅबसमध्ये हा चॅप्टर नाही. आज प्रत्येकाच्या खिशात माइक आहे आणि उद्या आपल्यातलेच काही जण असली सॉफ्टवेअर लिहिणार आहेत, म्हणून तो बघून मला रात्री झोप लागली नाही.

दुसरं ऑस्कर 'अनफरगिव्हन' (१९९२) साठी. आधी त्याने हा रोल नाकारला होता. त्यातला क्रूर शेरीफ स्वतःच्या हाताने घर बांधतो आणि छप्पर गळतं. सिव्हिलवाल्यांनी जरूर बघावं. इतका वाईट माणूस, पण घराचा अभिमान किती साधा! हॅकमनचे खलनायक म्हणूनच जास्त भीती दाखवतात.

आणि मग तो थांबला. 'वेलकम टू मूसपोर्ट' (२००४) हा शेवटचा पिक्चर, एक बेताची कॉमेडी. त्याच वर्षी लॅरी किंगच्या कार्यक्रमात त्याने हातात काम नसल्याचं आणि बहुधा आपलं करिअर संपल्याचं सांगितलं. सत्कार नाही, भाषण नाही. तुमच्या हृदयाला ताण झेपणार नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावर आपण थांबलो, हेही त्याने नंतर सांगितलं. आपल्याकडे 'शेवटचा' म्हणून जाहीर झालेल्या पिक्चरनंतर आणखी चार येतात. हा मात्र परत आला नाही. न्यू मेक्सिकोतल्या सांता फे इथे राहून त्याने कादंबऱ्या लिहिल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी, तिथल्या घरीच तो गेला.