जयपूरची सहल, सांगानेरची चादर

जयपूरच्या सहलीचे अंदाजपत्रक हवामहालापाशी नव्हे, खरेदीत कोलमडते. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी सुटणारी सुपरफास्ट दुसऱ्या दिवशी दुपारी जयपूरला पोहोचते. स्लीपरने गेल्यास चार पैसे वाचतात. ते रिक्षावाला नेईल त्या दुकानात घालवू नयेत. त्याचे कमिशन बहुधा आपल्याच बिलातून जाते. त्यापेक्षा सुमारे १५ किलोमीटरवरच्या सांगानेरला बसने जावे. पांढऱ्या कापडावर नाजूक फुलांची इथली ठसेछपाई २०१० पासून भौगोलिक मानांकनाची मानकरी आहे. मात्र स्क्रीनची छपाईही ठशाची म्हणून गळ्यात मारली जाते. सगळी फुले तंतोतंत सारखी दिसली तर शंका घ्यावी. हाताने उमटवलेला लाकडी ठसा सांध्यावर कुठेतरी किंचित सरकतोच. आणि हो, पलंगाचे माप घरूनच न्यावे!