नवी टॅली आणि पेढीवरचे मुनीमजी

अहिल्यानगरच्या आडते बाजारातील एखाद्या पेढीवर मुनीमजींची नजर बिलावर असते आणि बोटे कीबोर्डवर आपली वाट आपणच शोधत असतात. एफ-८ म्हणजे विक्री, एफ-९ म्हणजे खरेदी; हे ज्ञान आता डोक्यापेक्षा बोटांतच अधिक मुरलेले असते.

नोव्हेंबर २०२० मध्ये टॅली ईआरपी ९ च्या जागी टॅलीप्राइम आले. नावे-जमेचे शास्त्र तेच राहिले, विक्री-खरेदीच्या कळाही त्याच राहिल्या. पण पडद्याची मांडणी बदलली. नवे खाते उघडण्यासाठी पूर्वी ‘अकाउंट्स इन्फो’त शिरावे लागे, ते दालनच नाहीसे होऊन ‘क्रिएट’ समोर आले. एफ-१ दाबताच पूर्वी कंपनी निवडता येई, आता तेथे मदत उघडते. क्रेडिट नोट कंट्रोल-एफ-८ वरून ऑल्ट-एफ-६ वर गेली.

बदल एवढाच, पण तो ज्याच्या वाट्याला येतो त्याची पत पणाला लागते. तीस वर्षे ज्यांच्या शब्दावर शिल्लक जुळली, त्यांना गिऱ्हाइकासमोर शेठजींच्या चिरंजीवांना विचारावे लागते, ‘‘छोटे शेठ, हे कुठे गेले?’’ चिरंजीव माउस हाती घेतात, चार ठिकाणी टिचकी मारतात आणि म्हणतात, ‘‘झाले, बघा!’’ मुनीमजी मान डोलावतात. शिकत मात्र काहीच नाहीत.

व्यापाऱ्यांनी याहून मोठा बदल पचविला आहे. १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. चार आण्यांचे पंचवीस पैसे सरळ होत. एका आण्याचे सव्वासहा येत, म्हणून सहा धरावे लागत. त्या वेळी जुनी नाणी एकदम बाद केली नाहीत. दोन्ही काही काळ सोबत चालली. नव्या पैशावर तर ‘रुपये का सौवाँ भाग’ असे छापलेच होते. शिकवणी नाण्यातच होती, आणि कोणाला विचारण्याचा संकोच उरला नाही.

नव्या टॅलीतही असा एक आधार आहे: ‘गो टू’. ऑल्ट आणि जी दाबून हव्या त्या अहवालाचे नाव टंकले की तो समोर येतो. जागा पाठ नसली तरी अडत नाही. शिकवणाऱ्याने प्रथम एवढेच द्यावे. मुनीमजींच्या शेजारी बसावे, पण हात मागे ठेवावेत. सरावासाठी वेगळी कंपनी उघडून द्यावी, म्हणजे चूक झाली तरी खरा हिशेब बिघडत नाही. बदललेल्या पाच-सहा कळा त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून पडद्याशेजारी चिकटवाव्यात. न बदललेल्या कळांची यादी देऊन उगाच घाबरवू नये. आणि हे सारे मार्चअखेरीस किंवा जीएसटी विवरणाच्या तारखा तोंडावर असताना काढणे म्हणजे लग्नाच्या दिवशी स्वयंपाकघर बदलणे होय!

पेढीवर नव्याने लागलेल्या मुलाची अडचण नेमकी उलटी असते. पडद्यावर तो सराईत असतो, पण हमाली आणि तोलाई कोणाच्या नावे टाकायची हे त्याला कळत नाही. त्याला मुनीमजींशेजारीच बसवावे. तो क्षणात ‘गो टू’ने खातेवही काढून देतो, आणि मुनीमजी चष्मा वर सरकवून तिसऱ्या ओळीवर बोट ठेवतात: ‘‘ही हमाली शेतकऱ्याच्या नावे कशी पडली रे?’’