परगावी धावायचे कुठे?

मे महिन्याच्या सुट्टीत नणंदेच्या घरी गेले होते. फजरची नमाज झाली, जानमाज घडी करून ठेवली आणि बुटांच्या नाड्या बांधायला बसले. तेवढ्यात नणंदेच्या सासूबाई बाहेर आल्या. "इतक्या सकाळी कुठे गं? काही आणायचंय का?"

"खाला, धावायला जातेय."

त्या थोडा वेळ माझ्या बुटांकडेच पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "इथे बायका धावत नाहीत. आणि आठ दिवस नाही धावलीस तर काय बिघडेल?"

काय बिघडते ते मला ठाऊक होते. तीन वर्षांपूर्वी मला मधुमेह निघाला. याच आजाराने अम्मीची नजर अधू झालेली मी पाहिली आहे. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर चालायला सांगितले. चालता चालता हळूहळू धावू लागले. शाळेच्या मैदानावर रोज अर्धा तास. अलहम्दुलिल्लाह, साखर आटोक्यात आली. पण ही घडी दरवेळी विस्कटली ती प्रवासातच. एका लग्नासाठी आठ दिवस गावी गेले, आणि त्या आठ दिवसांचे दोन महिने कधी झाले ते कळले नाही. पुढच्या तपासणीत आकडा पुन्हा वर चढला होता.

तेव्हापासून बॅगेत सर्वांत आधी बूट जातात. पण बूट सोबत असले म्हणून जागा सापडतेच असे नाही.

दोन वर्षांपूर्वी प्रशिक्षणासाठी एका मोठ्या शहरात गेले होते. मोबाइलच्या नकाशावर जवळच एक हिरवीगार बाग दिसत होती. अजून उजाडले नव्हते तरी मी निघाले. पोहोचले तर फाटकाला कुलूप आणि शेजारी बंद गोदामांची गल्ली. परत वळले तोच एक मोटारसायकल जवळून गेली, पुढे जाऊन वळली आणि पुन्हा माझ्याच दिशेने आली. कोणी काही बोलले नाही, पण माझ्या हातापायांतले बळ गेले. कोपऱ्यावर एक दूधवाला पिशव्यांचे क्रेट उतरवत होता. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले आणि उगाच अर्धा लिटर दूध मागितले. तो म्हणाला, "ताई, तिकडे अंधारात आम्हीपण जात नाही. बायका चालायला पलीकडच्या कॉलेजच्या मैदानावर जातात."

नकाशात नव्हते ते दूधवाल्याला ठाऊक होते. त्या दिवसापासून मी काही नियम पाळते.

पहिला नियम, गावात पोहोचल्याच्या संध्याकाळीच चौकशी करायची. "बाग कुठे आहे?" असे विचारायचे नाही, "सकाळी बायका चालायला कुठे जातात?" असे विचारायचे. या दोन प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा वेगळी असतात. दूधवाला, पेपर टाकणारा, लॉजची झाडलोट करणारी मावशी, मशिदीत फजरला जाणारे घरातले वडीलधारे यांना गाव जागे होताना दिसते. आपल्या महाराष्ट्रात आणखी एक खूण आहे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली जिथे धावतात, ते मैदान शोधा. जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी असे एखादे मैदान असते, आणि तिथे धावणारी बाई पाहून कोणी थबकत नाही.

दुसरा नियम, जागा आदल्या दिवशी उजेडात पाहून यायची. फाटक किती वाजता उघडते, दिवे आहेत का, कुत्री किती आहेत हे डोळ्यांनी पाहायचे.

तिसरा नियम, फजरनंतर लगेच न निघता नीट दिसू लागेपर्यंत थांबायचे. फजरची वेळ सुरू झाल्यापासून सूर्योदयापर्यंत आपल्याकडे सव्वा तासाहून थोडा अधिक वेळ असतो. नमाज, तिलावत होईपर्यंत उजाडतेच.

चौथा नियम, लांबच्या रस्त्यापेक्षा लहान फेरी बरी. एकाच मैदानाच्या दहा फेऱ्या मारल्या की तिथली माणसे आपल्याला दहा वेळा पाहतात. काही झाले तर त्यांच्या लक्षात येते.

या नियमांत बसणाऱ्या काही जागा मी स्वतः धावून पाहिल्या आहेत. कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठी पहाटेपासून चालणाऱ्यांची ये-जा असते. पहिल्या दिवशी माझा हिजाब पाहून काही नजरा वळल्या, नाही असे नाही. दुसऱ्या दिवशी नऊवारीतल्या एका आजींनी स्वतःहून विचारले, "एकट्याच आलाय व्हय? आमच्यासंगं चला." मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कला कट्ट्याच्या कडेने एक फेरी एक किलोमीटरहून थोडी जास्त भरते, वर्दळ इतकी की कोणी कोणाकडे पाहत नाही. मरीन ड्राइव्हचा समुद्रालगतचा पदपथ सुमारे साडेतीन किलोमीटरचा आहे, आणि तिथे मध्ये रस्ता ओलांडावा लागत नाही. हैदराबादला नातेवाईक असतील तर बंजारा हिल्स-जुबिली हिल्सकडचे केबीआर उद्यान पाहा. तिथे कुटुंबेच्या कुटुंबे सकाळी येतात.

कोकणात समुद्रकिनारा असतो, पण भरती-ओहोटीचा हिशेब हवा. रत्नागिरीजवळ भाट्याची वाळू लांबच लांब आहे. ओहोटीला ओली वाळू घट्ट असते, त्यावर धावता येते. भरतीला उरते ती वरची भुसभुशीत वाळू, आणि त्यात पाय मुरगळतो. हा हिशेब चाँदच्या तारखेवर चालतो. आपल्या कोकण किनाऱ्यावर चाँदच्या 14-15 तारखेला आणि अमावास्येच्या आसपास पहाटे ओहोटी असते. 7-8 आणि 21-22 च्या सुमारास सकाळीच भरती येते. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. तरीही जाण्याआधी तिथल्या माणसांना विचारावेच.

कुठेच जागा नसेल तर? इमारतीची गच्ची, लॉजचा जिना, अंगणातल्या अंगणात फेऱ्या. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. तो भरभर चालूनही होतो.

बरोबर काय असावे? पूर्ण बाह्यांचा सैल सुती कुर्ता, पिन लावलेला हिजाब, खिशात घरच्यांचा नंबर लिहिलेला कागद आणि मोबाइल. संकटात 112 हा नंबर देशभर चालतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर धावताना साखर एकदम उतरू शकते. डॉक्टरांना आधी विचारा आणि खिशात दोन-चार खजूर ठेवा. कुत्रे अंगावर आले तर पळू नका, थांबा आणि हळूहळू मागे सरका. चावलेच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा.

एवढे सगळे सांगितले, तरी एक गोष्ट उरते. जागा शोधण्याचा सगळा भार एकट्या बाईवर का असावा?

सुनन अबू दाऊदमध्ये हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितलेली हदीस आहे. त्या पैगंबर मुहम्मद (स.) यांच्याबरोबर सफरीत होत्या. दोघांनी शर्यत लावली आणि हजरत आयेशा जिंकल्या. पुढे एकदा पुन्हा शर्यत झाली, तोवर त्यांचे वजन वाढले होते. तेव्हा पैगंबर (स.) जिंकले आणि ही त्या वेळची परतफेड, असे म्हणाले. मुस्नद अहमदमधल्या रिवायतीत आणखी एक तपशील आहे. शर्यतीआधी पैगंबरांनी (स.) बरोबरच्या लोकांना पुढे जायला सांगितले. म्हणजे ती शर्यत सफरीतच झाली, आणि पत्नीला निर्धास्त धावता यावे अशी मोकळी जागा आधी करून दिली गेली. ही हदीस आपण कौतुकाने ऐकतो. पण आपल्या घरी मुक्कामाला आलेल्या बहिणीला, वहिनीला, "सकाळी तुला चालायला कुठे सोडू?" असे विचारणारे किती असतात?

त्या मे महिन्यात मला असा माणूस भेटला. खालांचे बोलणे आत नणंदेच्या यजमानांनी ऐकले होते. ते चपला घालून बाहेर आले. म्हणाले, "भाभी, हायस्कूलच्या मैदानावर भरतीच्या मुली असतात. चला, दाखवतो." मी धावले तेवढा वेळ ते फाटकाजवळ चहा पीत पेपर वाचत बसले. दुसऱ्या दिवशी माझी त्या मुलींशी ओळख झाली, मग त्यांना यायची गरज उरली नाही.

पाचव्या दिवशी खाला स्वतः मैदानापर्यंत आल्या. त्यांनाही दहा वर्षांपासून साखर आहे. कट्ट्यावर बसून राहिल्या, चालल्या मात्र नाहीत. परतताना त्यांनी विचारले, "या बुटांना किती पडले गं?"