डोलकाठी आणि वीज

समुद्राचें भय म्हटलें म्हणजे वादळ, लाट व खडक हीं तीन आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. चवथें भय आकाशांतून येतें, आणि त्याचा विचार आमच्या किनाऱ्यावर जितका व्हावा तितका होत नाहीं. उघड्या समुद्रावर दृष्टि पोंचेल तेथवर सपाट पाणी. त्यांत उंच अशी एकच वस्तु, ती म्हणजे गलबताची डोलकाठी. तेथें झाड नाहीं, शिखर नाहीं, मनोरा नाहीं. ढगांतून वीज खालीं उतरूं लागली म्हणजे तिला वाट द्यावयास ही एवढी काठीच काय ती पुढें झालेली असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आंकड्यांप्रमाणें २०२२ या एका वर्षांत आपल्या देशांत विजेनें २,८८७ माणसें दगावलीं. उघड्यावर राबून पोट भरणाऱ्या लोकांनाच हा धोका अधिक. आणि समुद्रावर जाणाऱ्या खलाशाइतका उघड्यावर राबणारा दुसरा कोण आहे?

या मृत्यूंकडे पाहण्याची आमच्या लोकांची रीत मात्र शास्त्राची नव्हे, नशिबाची आहे. पायाळू मनुष्यावर वीज पडते, ही समजूत महाराष्ट्रांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असून, ती अद्याप पुष्कळ शहाण्या घरांतूनहि गेलेली नाहीं. आम्ही विचारतों, मूल जन्मतांना आधीं डोकें बाहेर आलें कीं पाय, याची वर्दी आकाशांतील ढगाला कोणी दिली? वीज जन्मपत्रिका पाहत नाहीं. ती उंची पाहते, टोंक पाहते, व जमिनींत किंवा पाण्यांत शिरावयास सुलभ मार्ग कोणता तें पाहते. एखादा पायाळू खलाशी नांवेवर नसला म्हणजे आपण सुरक्षित, असें ज्याला वाटतें तो आपल्या डोळ्यांसमोर उभी असलेली तीस फूट डोलकाठी पाहावयास विसरतो.

विजेचा मार खरोखर कसा बसतो हें नीट समजून घेतलें पाहिजे. विजेच्या लोळांत सामान्यतः तीस हजार अँपिअरच्या आसपास प्रवाह असतो, कधीं लाखाच्याहि वर जातो. आणि त्या वाटेवरील हवा सूर्याच्या पृष्ठभागाच्या सुमारें पांचपट तापते. हा प्रवाह ओल्या लाकडांतून जाऊं लागला कीं आंतील पाण्याची एका निमिषांत वाफ होते व डोलकाठी आंतून फुटून तिच्या ढलप्या उडतात. काठीच्या बुंधाशीं पोंचल्यावर पुढें पाण्यापर्यंत चांगली वाट नसेल, तर वीज बाजूला उडी घेते. इंजिनावर, डिझेलच्या टाकीवर, किंवा तेथें बसलेल्या माणसाच्या अंगावर. शेवटीं ती नांवेच्या तळाला भोंक पाडूनच पाण्यांत शिरते. माणसें वांचलीं तरी नांव हळूहळू भरत जाते, आणि मदत मागावयाचें बिनतारी यंत्र तर आधींच जळालेलें असतें.

यावर उपाय आजचा नाहीं, फार जुना आहे. बेंजामिन फ्रँकलिन यानें १७५२ सालीं वीज म्हणजे विद्युत्‌च होय हें दाखविलें, व उंच इमारतींप्रमाणें जहाजांनाहि धातूची सळई लावावी असें सुचविलें. ब्रिटिश आरमारानें त्यानंतर कांहीं वर्षांनीं जहाजांना तांब्याची सांखळी दिली. १७७० च्या आक्टोबरांत कॅप्टन कुक याचें 'एन्डेव्हर' जहाज बटाव्हियाच्या बंदरांत नांगरलेलें असतां तेथें मोठी वीज झाली. जवळच असलेल्या एका डच जहाजाची मुख्य डोलकाठी चिरफाळली. कुकच्या जहाजास कांहीं झालें नाहीं. सांखळी नुकतीच चढविली होती म्हणून आपण वांचलों, असें त्यानें आपल्या रोजनिशींत लिहून ठेविलें आहे.

'नुकतीच चढविली होती' या शब्दांकडे आम्ही वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधतों. ही सांखळी नेहमीं लाविलेली नसे. ती पेटींत घालून खालीं ठेवावयाची, आणि आभाळ भरून आलें म्हणजे खलाशानें डोलकाठीवर चढून ती लटकवावयाची, असा शिरस्ता होता. म्हणजे ज्या घटकेला डोलकाठीजवळ उभें राहणेंहि धोक्याचें, त्याच घटकेला तिच्या शेंड्यावर माणूस पाठवावयाचा! परिणाम व्हावयाचा तोच झाला. पुष्कळ वेळां सांखळी पेटींतच राहिली, आणि वीज पडून गेल्यावर पेटी उघडण्याचें कारण उरलें नाहीं. संकट आल्यावर बांधावयाचें संरक्षण हें संरक्षणच नव्हे, हा धडा ब्रिटिश आरमारास पन्नास वर्षांत शिकतां आला नाहीं.

तो शिकविला प्लिमथ येथील विल्यम स्नो हॅरिस या वैद्यानें. १८२० च्या सुमारास त्यानें अशी योजना मांडली कीं, तांब्याच्या रुंद पट्ट्या डोलकाठीच्या लाकडांतच शेंड्यापासून बुंध्यापर्यंत कायमच्या बसवाव्या, तेथून त्या जहाजाच्या कण्याला नेऊन तांब्याच्या खिळ्यांनीं थेट समुद्राच्या पाण्याला भिडवाव्या, आणि जहाजांतील मोठाल्या धातूच्या वस्तूहि त्यांना जोडाव्या. कोणी चढावयास नको, कोणी आठवण करावयास नको. यावर अधिकाऱ्यांचा आक्षेप काय? तर असल्या पट्ट्या विजेला आमंत्रण देतील! हॅरिसनें वीज पडून मोडलेल्या जहाजांची प्रकरणें एकामागून एक जमविलीं व छापून पुढें ठेविलीं. पुढें कांहीं जहाजांवर त्याच्या पट्ट्या परीक्षेकरितां बसविण्यांत आल्या. त्यांत १८३१ पासून १८३६ पर्यंत चार्ल्स डार्विन यास घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा करणारें 'बीगल' हें एक होतें. त्या सफरींत जहाजावर वीज पडली, पण इजा झाली नाहीं. हॅरिसला रॉयल सोसायटीचें कोप्ले पदक १८३५ सालीं मिळालें, आणि त्याची योजना आरमारानें सर्वत्र लागू केली ती १८४२ सालीं. बावीस वर्षें! या बावीस वर्षांत जे खलाशी डोलकाठीखालीं होरपळून मेले, ते विजेनें मेले कीं कचेरीच्या टेबलावर पडून राहिलेल्या कागदानें मेले, याचा निवाडा वाचकांनींच करावा.

त्यानंतर लोखंडी जहाजांचा काळ आला. ज्या जहाजाचें सर्व अंगच धातूचें, त्याला वेगळ्या पट्टीची गरज उरत नाहीं. त्यामुळें हा सर्व प्रश्न लोक विसरून गेले. परंतु लहान नौकांच्या बाबतींत काळ उलट फिरला आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत आलेली दिसत नाहीं. आज आमच्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांची जागा फायबरच्या होड्या घेत आहेत. फायबर म्हणजे कांचेचे तंतु व राळ. त्यांतून विजेला वाट नाहीं. शीड गेलें व इंजिन आलें तरी झेंड्याची काठी, दिव्याचा खांब व बिनतारी यंत्राची उभी तार हीं आहेतच. ज्या हौशी शिडाच्या नौका मुंबई व गोव्याच्या बंदरांत दिसतात, किंवा खडकवासल्याच्या जलाशयावर ज्या नौकांतून तरुणांस शिडाचें शिक्षण दिलें जातें, त्यांच्या डोलकाठ्या बहुधा अॅल्युमिनियमच्या असतात. ही धातूची काठी स्वतः वीज चांगली वाहते; पण ती जर तळापर्यंत जोडलेली नसेल, तर तिनें वीज फक्त खलाशाच्या पायापर्यंत आणून सोडली असें होतें.

आमच्या किनाऱ्याची आणखी एक विशेष गोष्ट आहे. ऐन आषाढ-श्रावणांत कोंकणांत पाऊस धो धो पडतो, पण गडगडाट त्या मानानें थोडा. विजेचे खरे दिवस दोन: वैशाख-ज्येष्ठांतील वळवाचे, व हस्त-चित्रा नक्षत्रांतील परतीच्या पावसाचे. यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते ती जून व जुलै या दोन महिन्यांत. म्हणजे विजेचे जे दिवस, त्यांतील बहुतेक दिवस आमचे कोळी बांधव समुद्रावरच असतात.

मग करावयाचें काय? डोलकाठीच्या शेंड्यावर, सर्वांत उंच तारेच्याहि वर जाईल अशी सळई. तिच्यापासून सरळ खालीं, तीव्र वळण न देतां आणलेली जाड तांब्याची तार, जिचा छेद निदान वीस चौरस मिलिमीटर असावा. आणि तळाशीं सतत पाण्यांत राहील असा एक चौरस फुटाचा तांब्याचा पत्रा. इंजिन, टाकी व धातूचे कठडे याच तारेला जोडावे, म्हणजे विजेला बाजूला उडी मारण्याचें कारण राहत नाहीं. हें माप खाऱ्या पाण्याचें आहे. नदींत व धरणाच्या गोड्या पाण्यांत वीज सहज पसरत नाहीं, म्हणून तेथें पत्रा याहून पुष्कळ मोठा पाहिजे. इंजिनाच्या किंमतीपुढें हा खर्च अल्पच म्हटला पाहिजे. वीज मुळींच पडूं देत नाहीं अशी ग्वाही देऊन विकलीं जाणारीं झुपकेदार साधनें बाजारांत आहेत. त्यांवर पैसा घालवूं नये. तार विजेला हांकलीत नाहीं व बोलावीतहि नाहीं, पडलेल्या विजेला पाण्याची वाट दाखविते, एवढेंच तिचें काम.

तार असली तरी माणसानें सावध राहावयाचें तें राहावेंच. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत तीन सेकंदांस एक किलोमीटर असें अंतर धरावें. तीस सेकंदांच्या आंत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरांच्या आंत आली. तेव्हां बंदर जवळ असल्यास परतावें, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये. परतणें शक्य नसेल तर डोलकाठी व तारा यांपासून दूर, खालीं बसावें. पाण्यांत हात-पाय सोडूं नयेत. दोन धातूच्या वस्तू एकाच वेळीं दोन हातांनीं धरूं नयेत. हातांतलें बिनतारी यंत्र झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवावें, म्हणजे तें बहुधा वांचतें. विजेचा धक्का बसलेल्याच्या अंगांत वीज उरते, त्याला शिवूं नये, ही समजूत साफ खोटी असून तिनें वांचतीं माणसें मेलीं आहेत. कांहीं प्रांतांत अशा माणसाला शेणांत पुरून ठेवण्याची चाल आहे. तींत गेलेला प्रत्येक क्षण वायां जातो. श्वास व नाडी थांबली असेल तर लगेच छाती दाबून कृत्रिम श्वास द्यावा. विजेनें थांबलेलें हृदय अशा वेळच्या उपचारानें पुनः चालूं होतें, असें पुष्कळदां घडलें आहे.

पुणें येथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनें 'दामिनी' नांवाचें साधन काढलें आहे. आपल्या जवळपास वीज कोठें पडत आहे तें तें मोबाइलवर दाखवितें. उपक्रम स्तुत्य आहे. पण किनारा सोडून कांहीं मैल गेलें कीं मोबाइल मुका होतो, आणि ज्याला इशारा सर्वांत अधिक हवा त्यालाच तो मिळत नाहीं. तेवढ्यावर समाधान मानणें म्हणजे पुनः पेटींतल्या सांखळीकडे जाणें होय. नौकेची नोंदणी करतांना व तिची तपासणी करतांना सरकारी मत्स्यखातें जशी कंठीं व अग्निशामक यांची चौकशी करतें, तशीच तळाच्या पत्र्याची व तारेची करावी. आणि लहान होडीवाल्यास तें साहित्य मच्छिमार सहकारी संस्थांमार्फत सवलतीनें मिळावें, अशी आमची मागणी आहे. होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या असतात ते जून-जुलैचे दिवस या कामास सोईचे. तळ उघडा असतो, सुतार मोकळा असतो, व डांबर-रंगाचें काम चालूंच असतें. नारळी पौर्णिमेस होडी पाण्यांत उतरली, कीं मग पुढच्या वर्षापर्यंत तो पत्रा बसविणें कठीण.