वनवैभवात वानरांना बिस्कीट का देऊ नये? समजून घ्या

सुटीत मुलांना घेऊन आलापल्लीला जाताय? मग भामरागड मार्गावरचे ‘वनवैभव’ पाहाच. जंगलाचा हा जपलेला तुकडा अवघा ६ हेक्टरचा. २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

वाटेत वानरांची टोळी दिसली, की मुलांचा हात बिस्किटाच्या पुड्याकडे जातो. तिथेच थांबवा.

कारण काय?

काळ्या तोंडाचे वानर मुख्यतः पाला खातात. त्यांच्या जठरात कप्पे असतात. तिथले जिवाणू पाला आंबवून पचवतात. गोड, मैद्याच्या खाण्याने ही घडी बिघडते. शिवाय खाऊची चटक लागली, की वानर रस्त्यावर ठाण मांडतात आणि गाड्यांखाली येतात. पिशवी हिसकावताना चावले, तर रेबीजची लस घ्यावी लागते. जेमतेम ७ चौरस किलोमीटरच्या जिब्राल्टरमध्ये तर माकडांना खाऊ घालणे गुन्हा आहे.

मग काय करायचे?

डबा गाडीतच ठेवा, काचा बंद करा, दुरूनच पाहा. वानरांनी टाकलेला पाला खाली चितळ खातात. बिबट्या दिसताच वानर ओरडतो आणि चितळ सावध होतात. मुलांना हे सांगा. बिस्किटापेक्षा ते जास्त लक्षात राहील.