विंचू, धडधड आणि केसपेपर



उसाचे पाचट गोळा करताना, बांधावरचे दगड हलवताना, हळद शिजवायला जळण काढताना किंवा गोवऱ्यांच्या ढिगात हात घालताना विंचू कधी डसेल याचा नेम नाही. वाई तालुक्यात हे नवे नाही. पण विंचू डसल्यावर जीव वाचवणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्याची नोंद कागदावर नीट होणेही महत्त्वाचे आहे. हे दुसरे काम आपण सारेच विसरतो. म्हणून आजचा हा लेख.

काही वर्षांपूर्वी एक विधवा भगिनी मुलाला घेऊन कचेरीत आली. धनी संध्याकाळी पाचट ओढताना विंचू डसून गेले होते. अपघात अनुदानाचा प्रस्ताव परत आला होता. मी कागद चाळले. दवाखान्याच्या शेवटच्या कागदावर एवढेच होते : ‘छातीत धडधड, धाप, हृदयक्रिया बंद.’ विंचवाचा शब्द कुठेच नाही.

“सायेब, त्येंना इंचूच चावला हुता. सगळी वाडी साक्षीला हाय,” ती म्हणाली.

“खरं आहे, वहिनी. पण हा कागद वाचणाऱ्याला वाटणार की माणूस हृदयविकारानं गेला. तो नैसर्गिक मृत्यू झाला. त्याला अपघात म्हणत नाहीत.”

मग मी विचारले, “आधी कुठं नेलं होतं?” मुलगा म्हणाला, “सरकारी दवाखान्यात. तिथनं पुढं धाडलं.” तिथल्या नोंदवहीत एक ओळ सापडली : विंचूदंश, उजवा हात, डसल्याची वेळ, नाडी, रक्तदाब. त्या ओळीचा दाखला जोडून प्रस्ताव पुन्हा गेला आणि मंजूर झाला. मध्ये आठ महिने गेले. एका ओळीची किंमत एवढी असते.

विंचवाने धडधड का होते ते समजून घेऊ. लाल विंचवाच्या विषाने अंगातल्या मज्जातंतूंना एकदम चेव येतो. आधी दरदरून घाम, उलट्या, तोंडाला लाळ. मग हातपाय गार पडतात, नाडी जोरात पळते, रक्तदाब चढतो. हृदय थकले की फुफ्फुसात पाणी साठते, धाप लागते आणि माणूस दगावतो. लहान मुलांना धोका जास्त. डसल्या जागेच्या नुसत्या कळेपेक्षा घाम, उलटी आणि गार हातपाय ही खरी धोक्याची खूण समजावी.

हे ज्ञान घाटाखालीच तयार झाले. महाबळेश्वर ओलांडून आंबेनळी घाट उतरला की पोलादपूर, पुढे महाड. त्या भागात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, धाप यांच्या नोंदी ठेवल्या. १९८२ साली त्यांचा लेख इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात छापून आला. १९८६ साली त्याच साप्ताहिकात त्यांनी प्राझोसिन या औषधाचा अनुभव मांडला. पूर्वी गंभीर रुग्णांत शंभरात पंचवीस-तीस दगावत. या औषधाने ते प्रमाण एक ते चारवर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या साऱ्याची सुरुवात घड्याळ लावून मोजलेल्या नाडीपासून झाली, हे ध्यानात ठेवावे.

आता कागदाकडे वळू. जमिनीला जसा गट नंबर, तसा प्रत्येक आजाराला जगभर एक क्रमांक असतो. बर्टिलाँ या फ्रेंच गृहस्थांनी १८९३ साली मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटना ती सांभाळते. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तरी दहावीचे क्रमांक पुष्कळ कागदांवर दिसतात. त्यात नुसती ‘छातीत धडधड’ म्हणजे आर ००.२. कारण न कळलेली जलद नाडी आर ००.०. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून उठणारे जलद ठोक्यांचे झटके आय ४७.१. आणि विंचवाचे विष टी ६३.२. क्रमांक लावणारा माणूस रुग्णाला पाहत नाही, डॉक्टरांनी लिहिलेले वाचतो. कागदावर विंचू नसेल तर क्रमांकातही विंचू येत नाही.

मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यात तर कारणांची साखळीच लिहायची असते. पहिल्या ओळीत शेवटचे कारण, जसे फुफ्फुसात पाणी. आणि त्याखाली, सर्वांत खालच्या ओळीत मूळ कारण, म्हणजे विंचूदंश. ती खालची ओळ रिकामी राहिली की घरच्यांचे नुकसान होते.

विंचू डसल्यास एवढे करावे :

१. जागा कापू नये, आवळून बांधू नये, मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नये. माणसाला धीर देऊन तडक आरोग्य केंद्रात न्यावे. वाहन नसल्यास १०८ ला फोन करावा.

२. डसल्याची वेळ लिहून ठेवावी. मनगटाला अंगठ्याच्या बाजूला बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. मोठ्या माणसाची स्वस्थ बसल्यावर ६० ते १०० असते; मुलांची मुळातच जास्त असते. मात्र मोजण्यापायी निघण्यास उशीर करू नये, वाटेत मोजली तरी चालते.

३. केसपेपर करताना पहिले वाक्य ‘विंचू डसला’ हेच सांगावे. पुढे पाठवले तर चिठ्ठी मागून घ्यावी आणि तिथेही तेच सांगावे.

४. प्राझोसिन मनाने देऊ नये. रक्तदाब एकदम उतरतो; ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे.

५. कार्डिओग्रामच्या पट्टीची झेरॉक्स काढावी. ऊन लागले की त्या कागदावरची रेघ पुसट होते.

विंचू नसताना वारंवार धडधड होणाऱ्यांनीही झटक्याची वेळ, किती मिनिटे टिकला आणि नाडी किती हे वहीत लिहावे. झटका चालू असतानाच कार्डिओग्राम काढून घेतला तर निदान पक्के होते. झटका ओसरल्यावर पट्टी बहुधा साधी येते आणि ‘काही नाही’ म्हणून माणूस घरी परततो.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून आजच्या स्वरूपात आहे. विंचूदंश आणि सर्पदंश तिच्यात येतात. मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. खातेदार आणि कुटुंबातील आणखी एका व्यक्तीला तिचा लाभ असतो. प्रस्ताव तीस दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावा.

तो देण्याची वेळ कुणावरही न येवो. पाचटात हात घालण्याआधी काठीने हलवून बघावे, पायात बूट असावेत. आणि घरात सातबारा जपतो त्याच पिशवीत केसपेपरही जपावेत.